पाठ

अब्बा बहरीनला गेले तेव्हा मी आईच्या पोटात.
दर दोन वर्षांनी यायचे:
टँगचा डबा, टायगर बाम, वाघाच्या चित्राचं ब्लँकेट,
आणि प्रत्येक खेपेला थोडे अधिक वाकलेले.
सत्तावीस वर्षं मीना सलमानचा धक्का.
पैसे पाठवले. पाठ तिथंच राहिली.

आता मी आलेय, बेचाळिसाव्या वर्षी,
दोन बांगड्या मोडून, योगशिक्षिका व्हायला.
"बहरीनला?" दापोलीत हसले लोक,
"अगं, त्यासाठी तिकडचे इकडं येतात."
इकडच्या बाईंनी आधी नाव विचारलं होतं, मग आडनाव,
मग म्हणाल्या, बॅच भरली.
मोहल्ल्यात वेगळीच चौकशी: सूर्यापुढं वाकणार का?
वीस वर्षं चुलीपुढं वाकतेय
तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

गुदैबियात, लाँड्रीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर वर्ग.
जिन्यात इस्त्रीची वाफ, आत एसी इतका
की शवासनात खरंच जीव गार पडतो.
आम्ही चौघी: फिलिपिनी नर्स, नैरोबीची हवाईसुंदरी,
नवरा गेल्यापासून झोप न येणारी मुहर्रकची एक आजी,
आणि मी.
शिकवते बदरिया. दोन हिवाळे पुण्यात काढलेली,
मराठीचे तीनच शब्द जवळ: सरळ, पुरे, हळू.
"अधोमुख" म्हणताना तिचा ख असा घशातून येतो
की आमच्या उस्तादबींनी पाठ थोपटली असती.

कोपऱ्यात प्लास्टिकचा सांगाडा. नाव सालेम,
म्हणजे धडधाकट.
रात्री तहेसीनच्या खोलीत, पडद्यामागं, पुटपुटते:
मानेचे सात, पाठीचे बारा, कमरेचे पाच.
कमरेच्या चौथ्यापाशी अडते दर वेळी.
रत्नागिरीच्या डॉक्टरनं एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरला होता:
हा चौथा, हा पाचवा, मधली गादी गेलीय.
अब्बा म्हणाले, "मला गादी होती होय?
कॅम्पात तर फळीवरच काढली सगळी."

एकदा धक्का बघायला गेले.
फाटकावरच्या पोरानं पास मागितला.
म्हटलं, वडील इथं होते. तो म्हणाला, सगळ्यांचेच होते.
लांबून क्रेन दिसल्या,
ताठ.

परीक्षेला खालच्या लाँड्रीतले पाच जण आणले,
शुक्रवारची झोप डोळ्यांत घेऊन आलेले.
पाठ केलेलं इंग्रजी पहिल्याच मिनिटाला उडालं.
तोंडातून निघालं, "टेका. सोडा सगळं जमिनीवर."
नोआखालीचे मन्नानचाचा, साठीच्या पुढचे,
काय समजले कोण जाणे, सोडू बघत होते,
पण कमर खाली येईना.
मूठ जाईल एवढी फट.
त्यांनीच काल घडी घातलेला टॉवेल
मी त्या फटीत सरकवला.
थोड्या वेळानं ते घोरायला लागले.
बदरियानं वहीत किती मार्क लिहिले, दिसले नाहीत.
"हळू," एवढंच ऐकू आलं,
त्यांना म्हणाली की मला, ठाऊक नाही.

रात्री घरी फोन.
"अब्बा, खाली चटईवर पडा. पाय पोटाशी घ्या."
"घेतले."
"दुखतंय?"
"ते विचारू नकोस. पुढचं सांग."
पुढचं काही नव्हतं. नुसतं तसंच राहायचं होतं.
पूर्वी तीन मिनिटांत फोन ठेवायचे ते,
नाण्यांच्या हिशोबात सगळ्यांची नावं घेऊन,
माझं शेवटी.
आज पहिल्यांदा त्यांचा नुसता श्वास ऐकतेय,
आत जातो, जरा अडतो कुठंतरी, बाहेर येतो.
मागं पंख्याची कुरकुर. आई विचारतेय,
जमिनीवर कशाला पडलाय हा माणूस.
"बिल येईल गं तुला," ते म्हणतात,
आणि ठेवत नाहीत.